मामांची हिरवी गाडी

सूनबाईने रंगाचा थर मोजायचा मीटर अंगठ्याने पुसला आणि हिरव्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर पुन्हा टेकवला. आकडा तोच. पुढच्या दारावर टेकवला. तिथे रंगाचा थर कारखान्यातून आल्यासारखा, पातळ आणि सारखा. मागे आलं की आकडा टुणकन वर. म्हणजे मागच्या पत्र्यावर नुसता रंग नव्हता, रंगाखाली पुट्टी होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती.

तिने डिकी उघडली. तळाचं कार्पेट कडेकडेने चिकटवून टाकलेलं होतं. अशा गाड्यांत ते नुसतं अंथरलेलं असतं. ती नखाने एक कोपरा उचकटणार, तेवढ्यात वरून मामांचं हसणं ऐकू आलं आणि तिने डिकी हळूच लावून घेतली. चोरी दुसऱ्याची आणि धडधड आपल्याला, असं तिला झालं.

खाली वर्कशॉप, वर घर आणि मध्ये लोखंडी जिना. त्यामुळे खालचं वर आणि वरचं खाली ऐकू यायचंच. काल संध्याकाळी मामांनी गाडी आणून उभी केल्यापासून दोन्ही मजल्यांवर कोणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, आणि ते या घराची पायरी चढले होते तेच मुळी कित्येक वर्षांनी. त्यांच्या वाढदिवसाला, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, सूनबाईच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, मामांच्या पांढऱ्या गाडीला दोनदा बोटाने ठोकून म्हटलं होतं, "ही गाडी नव्हे, हे गाडीचं सोंग आहे." लोक हसले होते. मामाही हसले होते आणि त्यानंतर आलेच नव्हते.

तिचा नवरा, दादा, चहाचा कप घेऊन खाली आला. घरात धाकटं कोणी नसतानाही त्याला सगळे दादाच म्हणत, बायकोसुद्धा चिडली की म्हणे.

"मागे पुट्टी आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"असेल. एवढ्या जुन्या गाडीला कुठे ना कुठे ठोकर बसणारच."

"मामा काल काय म्हणाले? एकाच मालकाची, साधं खरचटलेलंही नाही. आणि डिकीतलं कार्पेट चिकटवलंय. कशासाठी?"

दादाने चहाचा घोट घेतला. तो गरम होता म्हणून की विषय नको होता म्हणून, त्याचं तोंड वाकडं झालं. "हे बघ, दुपारी गाडी घ्यायला डॉक्टरीणबाई येतायत. अप्पा गाडी ठोकून बघतील, खरी की खोटी ते सांगतील. आजवर चुकलेत का? तू आधीच बोललीस तर मामा म्हणतील, सुनेला पढवून ठेवली. आई म्हणेल, माझ्या माहेरचं माणूस इतक्या वर्षांनी आलं आणि तुम्ही..."

"दादा, अप्पांना ऐकू येत नाही."

तो थांबला. मग हसला. "काहीतरीच. काल मामांशी तासभर गप्पा मारत होते."

"समोर बसून. तोंडाकडे बघत. मी मागून हाक मारली तर वळत नाहीत. आणि हल्ली गाडी ठोकण्याआधी मला विचारतात, 'तुझं काय मत?' मला वाटायचं, शिकवतायत. मागच्या महिन्यातल्या त्या करड्या गाडीला मी 'दार बदललंय' म्हटलं, मग त्यांनी ठोकलं आणि म्हणाले, 'बदललंय.' मी नसते बोलले तर काय म्हणाले असते, मला माहीत नाही."

दादाने कप बॉनेटवर ठेवला आणि लगेच उचलला. अप्पांनी बघितलं असतं तर कानफटात मारली असती, या वयातही. "तुझा भ्रम आहे," तो म्हणाला. "आणि भ्रम नसला तरी आज नाही. परक्या माणसासमोर तर मुळीच नाही. शपथ घालतो हवं तर."

तिने मीटर खिशात टाकला. न बोलण्याला त्याने होकार समजला.

*

वर आई ओट्याशी उभी होती आणि तिच्या हातून एकेक वस्तू निसटत होती. आधी चमचा, मग झाकण.

"ताई, बस गं जरा," मामा म्हणाले. "मी काय पाहुणा आहे?"

"पाहुणाच झाला होतास की, बाळ."

साठी उलटलेल्या माणसाला जगात बाळ म्हणणारी ती एकटीच उरली होती. मामा विरघळल्यासारखे हसले. आईलाही बरं वाटलं. दोन्ही डगरींवर पाय ठेवून तिने फार वर्षं काढली होती. भावाचा फोन आला की नवऱ्याच्या अपरोक्ष बोलायचं, आणि नवऱ्यासमोर भावाचं नाव काढायचं नाही. आज दोघे एका टेबलाशी बसणार होते.

अप्पा आंघोळ करून आले. मामा खुर्ची सरकवून त्यांच्या बरोब्बर समोर बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "भावोजी, गाडी, निवांत बघा. घाई, नाही."

अप्पा म्हणाले, "मी कधी घाई केली?"

आईने ते पाहिलं आणि आधी तिचे डोळेच भरून आले. तिनेच तर सांगितलं होतं फोनवर. दारावरची बेल वाजते आणि हे पेपर वाचत बसतात. रात्री मी बोलत राहते आणि हे हूं म्हणतात, भलत्याच ठिकाणी. डॉक्टरकडे चला म्हणायची सोय नाही; ज्याची भाकरी कानावर, त्याला कान गेले कसं म्हणू? तू तरी भेटलास तर समोर बसून बोल रे. बाळने लक्षात ठेवलं होतं.

"ठोकाठोकी काय आता," मामा पुढे म्हणाले. "तुमचा नुसता हात फिरला तरी पुरे. तुमचा शब्द म्हणजे शिक्का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांनी खरी म्हटलं की मी चावी घेते, दुसरं काही बघत नाही. नवऱ्याला घेऊन दर सुट्टीला डोंगरापलीकडे जायचंय त्यांना. हौस!"

आईचा हात टेबल पुसता पुसता थांबला. हे वाक्य तिला का खुपलं ते तिला लगेच कळलं नाही. फडकं पिळलं, पुन्हा तेच टेबल पुसलं. "तुझी गाडी चांगली आहे ना रे?" तिने विचारलं.

"म्हणजे काय!" मामा म्हणाले. तिच्याकडे न बघता म्हणाले.

*

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. उंच, भरभर चालणाऱ्या. आल्या आल्या भिंतीवरची पाटी वाचून म्हणाल्या, "डेंटिंग-पेंटिंग! म्हणजे आपण एकाच धंद्यातले." दादा मोठ्याने हसला, गरजेपेक्षा जास्त. हिरव्या गाडीपाशी मात्र बाईंचा आवाज खाली आला. त्यांनी गाडीला हात लावला नाही. हात पाठीशी बांधून, देवळात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

अप्पा पुढून सुरू झाले. बॉनेटच्या कडेवरून बोटं फिरवली. काचांच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणा वाचल्या. सगळ्या एकाच सालच्या. डॅशबोर्डच्या खाली, जिथे कोणी कधी रंगवायला जात नाही, तिथे बॅटरी मारली. तोच हिरवा, ऊन न लागलेला. इंजिनावरचा नंबर आणि पुढच्या चॅसीवरचा, म्हणजे सांगाड्यावरचा, नंबर, दोन्हींचा ठसा जुना, खोल, आकडे किंचित वाकडे. नकली आकडे नेहमी सरळ असतात. अप्पांना बरं वाटू लागलं. किती दिवसांनी इतकी नितळ गाडी हाताखाली येत होती.

मग त्यांनी दारावर बोटाचं पेर ठोकलं.

पूर्वी पत्रा बोलायचा. एका ठोक्यात सांगायचा, मी मूळचा आहे, की मला ताणलाय, की माझ्या पोटात काहीतरी भरलंय. आता पेराच्या हाडात एक टोला जाणवायचा, आणि पुढे काही नाही. रिकाम्या विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये. अप्पा दारावरून मागच्या मडगार्डवर आले. ठोकलं. पुन्हा ठोकलं. टोला तसाच वाटला. की नाही? ते सूनबाईकडे बघू लागले. एरवी ती शेजारी असायची आणि काहीतरी बोलायची. आज ती भिंतीपाशी होती आणि दादा तिला खेटून उभा होता. तिचे ओठ मिटलेले होते.

म्हणजे सांगण्यासारखं काही नसावं, अप्पांनी स्वतःला समजावलं.

त्यांना म्हणता आलं असतं, उद्या सांगतो. म्हणता आलं असतं, मला नक्की कळत नाही. पण ते वाक्य या जागेत त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं, आणि ते कोणत्या सुरात म्हणायचं हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यात समोर मेव्हणा उभा, ज्याला एकदा चारचौघांत हसं केलं होतं. पुढची अर्धी गाडी तर शंभर नंबरी होती. पुढच्या अर्ध्याने मागच्या अर्ध्याची हमी दिली, आणि अप्पांनी ती घेतली.

"खरी आहे," ते म्हणाले.

*

आई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. ती गाडीकडे बघत नव्हती; गाड्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती माणसांकडे बघत होती, कारण ते तिला कळायचं.

अप्पा मागच्या बाजूला ठोकत होते तेव्हा सूनबाई त्यांच्या बोटावरून नजर काढत नव्हती. दादाचा हात तिच्या मनगटावर होता. डॉक्टरीणबाई ओठ चावत होत्या. आणि ज्याची गाडी, ज्याला धाकधूक वाटायला हवी, तो बाळ हाताची नखं बघत होता. निकाल आधीच कळलेला माणूस जसा उभा राहतो तसा. पूर्वी अप्पांनी पांढऱ्या गाडीला हात लावला तेव्हा याला घाम फुटला होता, तिनेच रुमाल दिला होता.

आज घाम का नाही? ठोक्याने काही कळणार नाही, हे त्याला कोणी सांगितलं होतं?

तिनेच.

"खरी आहे" ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडली. सूनबाई म्हणाली, "एक मिनिट..." आणि दादा तिचं बोलणं तोडत म्हणाला, "अगं, वर बघ ना जरा चहाचं." सूनबाईने हात सोडवून घेतला. पण त्याआधीच जिन्यावरून आवाज आला.

"थांबा. यांना ऐकू येत नाही."

सगळे वळले. अप्पा सोडून. अप्पा गाडीवरून प्रेमाने हात फिरवत होते, त्यांची पाठ होती. वळलेले चेहरे त्यांना काचेत दिसले तेव्हा ते म्हणाले, "काय? काय झालं?"



"ताई," मामा म्हणाले, "काय बोलतेस तू? चेष्टा करते हो ही."

"आई, तू वर जा," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "परक्यांसमोर? अप्पांची अशी..."

आई पायरी उतरली. डॉक्टरीणबाईंच्या पुढून गेली, भावाच्या पुढून गेली, आणि नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

"मी म्हणाले, तुम्हाला ऐकू येत नाही. ठोकलेलं तुम्हाला कळत नाही. माझा भाऊ ते जाणून आलाय."

अप्पांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. सगळं वाचलं. त्यांचा हात गाडीवरून खाली आला. क्षणभर ते बायकोला काहीतरी भयंकर बोलतील असं दादाला वाटलं, आणि तो पुढे झाला. पण अप्पा तिच्याकडे नाही, सूनबाईकडे बघत होते.

"तू पाहिलीस गाडी?"

"सकाळी पाहिली," ती समोर येऊन म्हणाली.

"मग?"

"मागे सगळी पुट्टी आहे, अप्पा. दोन्ही बाजूंना. आणि डिकीतलं कार्पेट चिकटवलंय. खाली काय आहे ते मी बघितलं नाही."

"का नाही बघितलंस?"

तिने दादाकडे पाहिलं नाही, पण दादाने मान खाली घातली.

"बघा मग," अप्पा म्हणाले. एवढंच. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

मामा म्हणाले, "माझ्या गाडीला माझ्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही." म्हणताना ते डिकीपुढे येऊन उभेही राहिले. दादा त्यांच्याकडे बघत राहिला. लहानपणी याच मामांच्या मांडीवर बसून त्याने पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं. "मामा, बाजूला व्हा," तो म्हणाला. मामा हलले नाहीत. मग त्याने त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच बाजूला केलं, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करावी तसं, आणि डिकी उघडून कार्पेट एका झटक्यात वर ओढलं.

खाली काळा लेप होता, ताजा. दादाने पटाशी घेतली. लेपाचे तुकडे उडाले, आणि त्याखालून वेल्डिंगची एक जाड रेघ बाहेर आली. या चाकापासून त्या चाकापर्यंत, गाडीच्या आरपार. मग तो जॅक लावून गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसतं खरवडणं ऐकू येत राहिलं. बाहेर आला तेव्हा केसांत काळा भुगा होता आणि आवाज बदललेला होता.

"दोन गाड्या आहेत या," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो अप्पांसमोर जाऊन पुन्हा म्हणाला, "अप्पा, दोन गाड्या कापून जोडल्यात. पुढची खरी आहे. मागची कुठल्या तरी दुसरीची. चॅसीचा सांधा एका बाजूला तडकलाय. बोट जातंय त्यात."

डॉक्टरीणबाईंनी पर्स बंद केली. "आमच्याकडे निदान मुळापाशी सिमेंट भरतात," त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "मी ही डोंगरात नेणार होते. नवऱ्याला शेजारी बसवून." त्या अप्पांपाशी गेल्या, काहीतरी बोलायला वाकल्या, काय बोलावं ते सुचलं नाही, आणि नुसता नमस्कार करून निघून गेल्या.

*

आता घरचेच उरले.

"मला एवढं माहीत नव्हतं," मामा म्हणाले. "शपथेवर सांगतो. पुट्टी आहे एवढंच ठाऊक होतं. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला, थोडं काम केलंय."

"आणि कार्पेट?" सूनबाईने विचारलं.

"ते तसंच होतं."

"तुम्ही उचकटून बघितलं नाही?"

"नाही बघितलं!" मामा ओरडले. "नको होतं बघायला. बघितलं असतं तर आणता आली असती का इथे?" मग ते अप्पांकडे वळले, आणि या वेळी शब्द सुटे करायचं विसरले. "आयुष्यभर तुमच्या तोंडून एकच ऐकत आलो. बंडल, खोटी, सोंग. एकदा, एकदा तरी माझ्या गाडीला तुम्ही खरी म्हणावं असं वाटलं. मिळालं ऐकायला. अर्धं मिनिट का होईना."

अप्पांना त्यातलं किती पोचलं कोण जाणे. ते म्हणाले, "ही इथून चाकांवर जाणार नाही."

"माझी आहे. मी चालवत आणली, चालवत नेईन."

तेव्हा आई भडकली. "चालवत आणलीस! एवढ्या लांबून! मध्ये सांधा सुटला असता म्हणजे? कुठल्या खड्ड्यात शोधली असती मी तुला? तुला दुसऱ्याचा जीव नाही, यांची अब्रू नाही, निदान स्वतःची तरी काही..." तिने भावाच्या हातातली चावी हिसकावली. ती कोणाला द्यावी हे न कळून मुठीतच धरून ठेवली.

"ताई, तूच तर सांगितलंस मला त्यांच्या कानांचं," मामा म्हणाले.

"हो. मीच सांगितलं. समोर बसून बोल म्हणून सांगितलं."

मामा जिन्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा गाडीकडे बघत राहिले. शेवटी कोट उचलून निघाले. दादा म्हणाला, "सोडून येऊ का स्टँडपर्यंत?" मामांनी नको म्हणून मान हलवली. ते फाटकातून बाहेर पडेपर्यंत आई त्यांच्या पाठीकडे बघत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं असतं तर तिने बहुतेक हाक मारली असती.

दादाने सूनबाईला म्हटलं, "सकाळीच ऐकायला हवं होतं मी तुझं."

"हो," ती म्हणाली. त्याला वाटलं ती आणखी काही म्हणेल, 'जाऊ दे' वगैरे. तिने मीटर पुसून डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

*

संध्याकाळी अप्पा वर आले आणि खिडकीपाशी बसले. पेपर घेतला, ठेवला. उठले, पंखा लावला, बंद केला. शेवटी म्हणाले, "त्याला सांगितलंस. मला नाही."

आईने हातातलं काम सोडलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसली. "तुम्ही तरी मला कुठे सांगितलं होतंत?"

"काय सांगणार? रोज वाटायचं, उद्या बरं होईल. सर्दी असेल. मळ असेल."

"मलाही तसंच वाटायचं. रोज वाटायचं, आज स्वतःच सांगतील."

"आज डॉक्टरीणबाईंसमोर..." अप्पांचा आवाज चढला आणि त्यांना स्वतःलाच तो किती चढला ते कळलं नाही. "दुसरीकडे कुठेही सांगायचं होतंस. बाजूला घेऊन सांगायचं होतंस. हात धरून वर न्यायचं होतंस."

"आला असतात?"

खाली वर्कशॉपमध्ये दादा आणि सूनबाई हिरव्या गाडीवर कापड घालत होते. दोघांचं काहीतरी चाललं होतं. भांडण होतं की बोलणं, ते वरून कळत नव्हतं. आई ऐकत होती. अप्पा तिला ऐकताना बघत होते.

मग ती उठून ओट्याशी गेली. भावाने अर्धवट टाकलेला सकाळचा कप अजून तिथेच होता. तिने तो धुतला, उपडा घातला. पाठमोरीच म्हणाली, "वाढू का जेवायला?"

उत्तर आलं नाही.

ती थांबली. ऐकू गेलं नाही, की राग आहे? पूर्वी कधी हा प्रश्न पडला नव्हता. पूर्वी राग असला की राग असायचा. इथून पुढे प्रत्येक वेळी हे दोन्ही शोधत बसायचं का? तिने हात पुसले, सगळी खोली ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "जेवायला, वाढू, का?"

अप्पांनी मान वर केली.

"मघाशीच ऐकलं," ते म्हणाले. "वाढ."